पंचवीस मिलिमीटरचं माळरान

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांत सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. तो उभा असतो २५ किंवा ३२ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या चकतीवर. खेळणारे तिला बेस म्हणतात. २५ मिलिमीटर म्हणजे अमेरिकेतल्या पाव डॉलरच्या नाण्याएवढी जागा. हौशी माणूस डोळ्याला भिंग लावून सैनिकाच्या बुबुळापर्यंत रंगवतो, पट्ट्याचं बक्कल चमकवतो, अंगरख्याच्या चुण्यांत सावल्या भरतो आणि मग त्याला काळ्या गुळगुळीत चकतीवर तसाच सोडून देतो. खेळताना ही बाहुली हातभर अंतरावरून दिसते. तेवढ्यावरून बुबुळ कोणालाच दिसत नाही, पायाखालची जमीन मात्र दिसते. म्हणून वेळ थोडा असेल तर तो बुबुळावर न घालवता बेसवर घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बेसवर कमी कष्टांत जास्त फळ देणारी गोष्ट कुठली, तर गवत.

गुळगुळीत पाटावर उभं केलेलं काहीही खोटं वाटतं, ही गोष्ट अमेरिकेत खेळणाऱ्यांच्या आधी प्राण्यांत पेंढा भरणाऱ्यांना कळली. एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयांत मेलेले प्राणी पॉलिश केलेल्या लाकडी फळ्यांवर ओळीनं मांडलेले असत. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयात कार्ल एकली नावाचा एक तरुण कामाला होता. त्यानं १८९० मध्ये मस्करॅट या पाणथळीत राहणाऱ्या, उंदराच्या जातीच्या प्राण्याचं एक दृश्य उभं केलं. लव्हाळ्यांचं घरटं, पाण्याखालचं बीळ मधोमध कापून दाखवलेलं, काठावरचं गवत आणि मागे रंगवलेला दलदलीचा देखावा. मस्करॅट हा काही सिंह नव्हे. फळीवर ठेवला असता तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पायाखाली दलदल आली आणि लोक थांबून बघू लागले. प्राणी त्याच्या संपूर्ण परिसरासकट दाखवणाऱ्या पहिल्या काही दृश्यांत आजही त्याचं नाव घेतात.

एकली पुढे शिकागोला आणि मग न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत गेला. १९२६ मध्ये काँगोत मोहिमेवर असताना तो वारला. त्याच्या नावाचं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन १९३६ मध्ये उघडलं. आपल्याकडून न्यूयॉर्कला जाणारे लोक त्या दालनातले आठ हत्ती बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण हत्ती उघड्या चौथऱ्यावर आहेत. खरी कारागिरी भिंतींतल्या अठ्ठावीस काचांच्या मागे आहे. पुढच्या वेळी गेलात तर प्राण्यांकडे न बघता त्यांच्या खुरांकडे बघा. खरी माती जिथे संपते आणि रंगवलेला पडदा जिथे सुरू होतो, तो सांधा शोधायचा प्रयत्न करा. सहजी सापडत नाही, कारण नेमका तिथेच गवताचा झुबका किंवा दगड ठेवलेला असतो. खरं गवत वाळलं की त्यातलं हरितद्रव्य नष्ट होतं आणि ते पेंढ्याच्या रंगाचं होतं, म्हणून असल्या देखाव्यांत वाळलेलं गवत रंगवून घ्यावं लागतं आणि हिरवी पानं मेणासारख्या पदार्थात नव्यानं घडवावी लागतात. लहान बेस करणाऱ्याला यातल्या दोन गोष्टी थेट उपयोगी पडतात: सांधा गवतानं झाका, आणि खऱ्या गवताच्या रंगावर विसंबू नका.

मिलवॉकी शहराची पुण्याई इथेच संपत नाही. खेळण्यातल्या नव्हे, तर मोजून-मापून बांधलेल्या छोट्या रेल्वेचा छंद अमेरिकेत फोफावला तो १९३० च्या दशकात, आणि त्याचं मुखपत्र म्हणावं असं ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक अल काल्मबाख यांनी जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकीतूनच सुरू केलं. पुढच्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटनाही त्याच शहरात स्थापन झाली. रुळाशेजारी जमीन हवी, जमिनीवर गवत हवं. सुरुवातीला ही मंडळी सुताराकडचा लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून, वाळवून गोंदावर भुरभुरत. झुडपांसाठी वाळलेलं दगडफूल वापरत. भुशाचं गवत लांबून बरं दिसे, जवळून भुसाच दिसे. नंतर फोम दळून रंगवलेली पूड आली. मिसूरी राज्यातल्या लिन क्रीक या छोट्या गावातली वूडलँड सीनिक्स ही कंपनी १९७५ पासून असलं सामान विकते आणि अमेरिकेतल्या छंदाच्या दुकानांत आजही तिच्या पुड्यांची फळी असतेच. उभं राहणारं, काडीकाडीचं गवत मात्र मुख्यतः जर्मनीतल्या रेल्वेवेड्यांकडून आलं. त्याकडे लवकरच वळू.

मिलवॉकीपासून नैर्ऋत्येला गाडीनं तासाभराच्या अंतरावर लेक जिनिव्हा हे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स राहायचे. त्यांच्या घराच्या तळघरात वाळूचं टेबल होतं: चार बाजूंना फळ्या ठोकून आत वाळू भरलेली. वाळूचे डोंगर करायचे, खिंडी पाडायच्या आणि त्यावर मध्ययुगीन सैन्यं लढवायची. १९६८ मध्ये त्यांनी गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये, म्हणजे बागकामवाल्यांच्या सभागृहात, खेळणाऱ्यांचा पहिला मेळावा भरवला. तोच ‘जेन कॉन’. पुढे तो अनेक वर्षं मिलवॉकीत भरायचा आणि २००३ पासून इंडियानापोलिसला भरतो. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही नियमावली आली आणि १९७४ मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या खेळात वाळूचं टेबल मागे पडलं. कागद, पेन्सिल आणि कल्पनाशक्तीवर काम भागू लागलं. राक्षस म्हणून गायगॅक्स यांनी दुकानात पिशवीच्या भावानं मिळणारी प्लास्टिकची वेडीविद्री जनावरं आणली, आणि त्यांतल्या काहींवरून खेळातले नामांकित प्राणी जन्मले.

टेबलावरची जमीन परत आली ती सागरापलीकडून. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये निघाला आणि अमेरिकेत रुजला. १९९० च्या दशकात त्यांच्या सैन्यांचे बेस झगझगीत हिरवे असत: कड हिरवी, वरची वाळू हिरवी, त्यावरचा भुगाही हिरवाच. ज्यांनी त्या वयात हा खेळ खेळला त्यांना तो हिरवा रंग अजून हवाहवासा वाटतो. आठवणींना नावं ठेवू नयेत, पण तसली जमीन पृथ्वीवर कुठेही नाही.

अमेरिकेतल्या मिनिएचरवाल्यांचं, म्हणजे या छोट्या बाहुल्यांच्या हौशींचं, एक मोठं ठाणं टेक्सासमधलं डेंटन. रीपर मिनिएचर्स ही कंपनी तिथली. २०१२ मध्ये त्यांनी स्वस्त, मऊसर प्लास्टिकच्या बाहुल्यांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले आणि ३४ लाख डॉलरहून जास्त जमले. त्या बाहुल्या हजारो घरांत पोचल्या आणि त्यांच्याबरोबर एक अडचणही पोचली. त्यांच्या पायाखाली ओबडधोबड जमिनीचा एक तुकडा बाहुलीसकटच ओतलेला असतो. ती बाहुली गोल चकतीवर चिकटवली की चकतीवर चबुतरा आणि चबुतऱ्यावर माणूस, असा प्रकार होतो. हा चबुतरा लपवणं हाच पुष्कळांचा बेस-विद्येतला पहिला धडा असतो.

तो धडा असा. आधी माती, मग गवत. चबुतऱ्याच्या कडेनं चकतीपर्यंत उतार होईल अशी पुटी भरायची. ती वाळली की ब्रशनं पांढरा गोंद लावायचा. अमेरिकेत हा गोंद एल्मर्स या नावानं घरोघरी असतो. आपल्याकडच्या फेव्हिकॉलच्या डब्यावर हत्ती, त्यांच्या बाटलीवर बैल. हा एल्मर म्हणजे बोर्डन या दूधकंपनीच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा, कारण गोंद त्याच कंपनीचा होता. गोंदावर वाळू दाबायची, पण एकसारखी चाळलेली नव्हे. बारीक वाळू, जाडसर खडे आणि एखाद-दुसरा मोठा दगड, असं मिश्रण हवं. दगड चकतीच्या मधोमध ठेवू नये, कडेला सरकवावा. अर्धा कडेबाहेर कापला गेला तरी चालतो. त्यामुळे जमीन चकतीपाशी संपत नाही, पुढेही चालू आहे असं वाटतं. दगड म्हणून बुचाचा मोडलेला तुकडा किंवा झाडाची साल उत्तम. सगळं रात्रभर वाळू द्यावं आणि मग पातळ केलेला गोंद वरून एकदा फिरवावा, नाहीतर रंगवताना वाळू ब्रशला लागून निघते.

रंग गडद तपकिरी. तो वाळला की कोरड्या ब्रशचं काम. ब्रशवर फिकट मातकट रंग घ्यायचा, जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेल्या ओलीनं ब्रश वाळूवरून हलके फिरवायचा. रंग फक्त कणांच्या टोकांना लागतो, खाचा गडदच राहतात. दोन-तीन मिनिटांत सपाट तपकिरी थर भेगाळलेल्या जमिनीसारखा उठून येतो. गवत सोडलं तर सगळ्या बेस-विद्येत एवढ्या थोड्या कष्टात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळून थेट गवत टाकतात. मग गवताच्या फटींतून सपाट प्लास्टिक डोकावतं.

आता गवत. स्टॅटिक ग्रास म्हणजे नायलॉन किंवा रेयॉनचे २, ४, ६, १२ मिलिमीटर लांबीचे कापलेले तंतू. पुडी उघडून बोटांनी भुरभुरले तर ते आडवेतिडवे पडतात आणि बेस न्हाव्याच्या दुकानातल्या फरशीसारखा दिसतो. त्यांना उभं करायला वीज लागते. त्यासाठीचं यंत्र साधं असतं. एक मूठ, आत बॅटरीवर चालून काही हजार व्होल्टचा दाब तयार करणारं सर्किट आणि वरच्या तोंडाला धातूची जाळी. घरी यंत्र बनवणारे खरोखरच चहाची गाळणी लावतात. सर्किटची एक तार जाळीला जोडलेली असते. दुसऱ्या तारेच्या टोकाला चिमटा असतो, तो बेसवरच्या ओल्या गोंदाला टेकवायचा, किंवा गोंदात रुतवलेल्या टाचणीला लावायचा.

बटण दाबून गाळणी हलवली की जे घडतं ते बघण्यासारखं असतं. जाळीला टेकलेल्या तंतूवर जाळीचाच विद्युतभार येतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तंतू जाळीपासून सुटतात आणि विरुद्ध भाराच्या गोंदाकडे ओढले जातात. तंतू लांबट असल्यानं त्याच्या दोन टोकांवर भार वेगळा वाटला जातो आणि तो विद्युतक्षेत्राच्या रेषेत वळतो. या रेषा गोंदाच्या पृष्ठभागाला काटकोनात भेटतात. म्हणून तंतू टोकानं खाली येतो आणि उभाच रुततो. त्याच्यावर येणारे शेजारी तंतू त्याला चिकटत नाहीत, कारण सगळ्यांवर सारखाच भार. दागिन्यांच्या डब्यांतली मखमल आणि मोटारीच्या कप्प्यांचं मऊ अस्तर कारखान्यांत याच तत्त्वावर बनतं. छंदवाल्यांनी ते उसनं घेतलं.

हे कळलं की बहुतेक तक्रारींची उत्तरं आपोआप मिळतात. गवत झोपलं? चिमटा वाळूच्या कोरड्या भागाला लागला असेल. प्लास्टिकमधून आणि वाळलेल्या गोंदातून वीज जात नाही, ओल्या गोंदातून जाते. म्हणून एका वेळी चार-पाचच बेसना गोंद लावावा. विसावा बेस हातात येईपर्यंत पहिल्याचा गोंद सुकलेला असतो. गवत विरळ आलं? जाळी फार लांब धरली असेल. अंतर वाढलं की क्षेत्र क्षीण होतं. दोन-तीन सेंटिमीटरवर धरावी, पण गोंदाला टेकवू नये. शुद्ध नायलॉन वीज नेत नाही, म्हणून कारखान्यात तंतूंच्या पृष्ठभागावर थोडीशी वीज नेणारा लेप देतात, आणि तो लेप हवेतल्या ओलाव्यावर चालतो. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या अमेरिकी घरात हवा इतकी कोरडी होते की तंतू नीट भारलेच जात नाहीत. उलट मुंबईच्या जुलैत तेच तंतू एकमेकांना धरून गोळे होतात.

डास मारायच्या रॅकेटपासून असलं यंत्र बनवणारेही आहेत. जमतं, पण दाब कमी असल्यानं लांब तंतू अर्धवट उभे राहतात. शिवाय रॅकेट बंद केल्यावरही तिच्या आतला कपॅसिटर काही वेळ झटका देऊ शकतो, त्यामुळे ही उघडझाक मुलांच्या हाती देऊ नये. यंत्र नसेल तर एक जुनी युक्ती आहे. चिमटीभर तंतू गोंदावर दाबायचे, लगेच बेस उलटा करायचा, खालून टिचक्या मारायच्या आणि फुंकर घालायची. सगळं गवत उभं राहत नाही, निम्मं राहतं. लहान बेसला तेवढं पुरतं. खाली कागद ठेवावा आणि सांडलेलं पुडीत परत भरावं.

गवत किती घालावं, यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: मनात येईल त्याच्या निम्मं. गोंद सगळीकडे न लावता वेड्यावाकड्या थिगळांत लावावा. दगडाच्या बुडाशी, खाचेत, जिथे पाणी साठेल तिथे गवत दाट. पायाखाली आणि उंचवट्यावर माती उघडी. आधी २ मिलिमीटरचं आखूड गवत, वाळल्यावर त्यात ४ किंवा ६ मिलिमीटरचे चार झुबके. दोन-तीन छटा मिसळून घ्याव्यात. झुबके तयार मिळतात, पण ते महाग पडतात आणि घरी करायला काहीच अवघड नाही. बेकिंगच्या न चिकटणाऱ्या कागदावर गोंदाचे ठिपके द्यायचे, त्यावर यंत्रानं गवत पाडायचं, वाळलं की नखानं सोलून काढायचं. ठिपके मुद्दाम लहानमोठे द्यावेत. एकसारखे गोल झुबके बेसवर बसले की लगेच दुकानातले वाटतात. पाचोळ्यासाठी अमेरिकेत एक फुकट माल आहे: शरद ऋतूत बर्च झाडाखाली पडणारी लांबुळकी कणसं. ती बोटांत चुरडली की बियांबरोबर तीन-चार मिलिमीटरची चिमुकली पानं वाटावीत असे कोंड्याचे तुकडे सुटतात. विकत घेतलेला कुठलाही पाचोळा याच्यापुढे फिका आहे.

बेससाठी चकती विकतच घ्यावी असंही नाही. ऐतिहासिक लढाया खेळणारे कित्येक अमेरिकी एक सेंटच्या पेनीवर शिपाई चिकटवत आले आहेत. १९ मिलिमीटरचं नाणं, वजनामुळे बाहुली कलंडत नाही आणि प्लास्टिकच्या चकतीपेक्षा स्वस्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं चलनासाठीची शेवटची पेनी पाडली, पण लोकांच्या बरण्यांत अजून भरपूर आहेत.

आता प्रश्न उंचीचा. २८ मिलिमीटरची बाहुली म्हणजे माणसाच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास. त्या हिशेबात २ मिलिमीटरचं गवत खऱ्या जगात १२ सेंटिमीटर होतं, म्हणजे कापायची वेळ आलेलं लॉन. ६ मिलिमीटरचं गुडघ्याखाली, ३६ सेंटिमीटर. १२ मिलिमीटरचं मांडीपर्यंत, ७२ सेंटिमीटर. आता हाच हिशेब उलटा लावून कॅन्ससला जा. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये १९९६ मध्ये उंच गवताचं राष्ट्रीय राखीव माळरान स्थापन झालं. एके काळी उत्तर अमेरिकेत असलं उंच गवत सुमारे १७ कोटी एकरांवर होतं. नांगराखाली जाऊन आता चार टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. तिथलं बिग ब्लूस्टेम हे गवत चांगल्या पावसाच्या वर्षी आठ फुटांपर्यंत, म्हणजे २.४ मीटर वाढतं. साठानं भागलं तर ४० मिलिमीटर. आपला शिपाई २८ चा! मापात चोख राहायचं ठरवलं तर बेसवर नुसतं गवत दिसेल आणि शिपाई आत गडप होईल. तेव्हा इथे खोटं बोलावंच लागतं. उंची कापायची आणि खरेपणा रंगातून आणायचा. हेच गवत शरदात तांबूस, तपकिरी होतं. त्या रंगाचे चार झुबके दिसले की माहितगार माणूस कॅन्सस ओळखतो.

रंगाच्या बाबतीत अमेरिकी छंदवाल्यांना त्यांचं लॉन नडतं. गवत म्हटलं की डोळ्यापुढे घरासमोरचा हिरवागार चौकोन येतो. तो मुळात तिथला नव्हेच. लॉनवरचं प्रसिद्ध केंटकी ब्लूग्रास केंटकीचंही नाही आणि निळंही नाही. ते युरोप-आशियातून आलेलं गवत आहे. कॅलिफोर्नियाच्या टेकड्या मे-जूनपासून पहिल्या पावसापर्यंत पिवळ्याधमक असतात. तिथली खाणकामगारांची किंवा घोडेस्वारांची टोळी उन्हाळ्यातली दाखवायची आणि तिच्या पायाखाली हिरवं गवत घालायचं, हे चालणार नाही.

पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग घ्या. १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन तारखा. अमेरिकी यादवी युद्धातल्या या लढाईवर जितक्या बाहुल्या रंगवल्या गेल्या, तितक्या त्या देशाच्या दुसऱ्या कुठल्याही लढाईवर गेल्या नसतील. ऐतिहासिक मिनिएचरवाल्यांचा मोठा मेळावा ‘हिस्टोरिकॉन’ त्याच राज्यात लँकेस्टरला भरतो. २ जुलैची घनघोर लढाई जिथे झाली ते शेतच ‘व्हीटफील्ड’ नावानं इतिहासात गेलं. त्यात गहू होता, आणि जुलैच्या सुरुवातीला तो पिकत आलेला होता. शिवाय तो आजच्या गव्हासारखा ठेंगणा नव्हता. बुटके वाण जगभर पसरले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि आपल्या हरितक्रांतीतलाही गहू तोच. तेव्हा व्हीटफील्डमधल्या शिपायाच्या बेसवर १२ मिलिमीटरचं, सोनेरी, एका दिशेला तुडवलेलं पीक हवं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या सैन्याचा सेनानी पिकेट याच्या हल्ल्यात सुमारे साडेबारा हजार माणसं जवळपास मैलभर उघड्या शेतांतून चालत गेली. त्यांच्या बेसवर तुडवलेलं गवत आणि लाकडी कुंपणाची मोडकी दांडी शोभते. अमेरिकी राष्ट्रीय उद्यान खात्यानं या रणभूमीवर नंतर वाढलेली झाडं तोडून काही भाग १८६३ सारखा परत उघडा केला आहे. त्यांनी एवढं मनावर घेतलं, तर आपण २५ मिलिमीटरपुरतं घ्यायला हरकत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. बाहुल्यांच्या पायाखाली गवत उगवून आणण्याचं काम आपल्याकडे पोरंसोरं करत आली आहेत. दिवाळीच्या किल्ल्यावर माती लिंपली की अळीव किंवा मोहरी पेरायची, पाण्याचा हबका मारत राहायचं, आणि महाराज सिंहासनावर बसेपर्यंत तटाखाली हिरवळ आलेली असते. अमेरिकेतल्या मराठी घरांतही किल्ले होतात, काही मंडळं स्पर्धाही घेतात. अडचण हवामानाची. उत्तरेकडच्या राज्यांत तोवर थंडी पडलेली असते, गॅरेजमध्ये मोहरी लवकर रुजत नाही, आणि रुजली तरी उन्हाअभावी लांबडी, पिवळट होऊन झोपते. अळिवाचा कोंब चार-पाच सेंटिमीटर वाढतो, तेव्हा लहान मापाच्या मावळ्यांपुढे तो वनराईच वाटतो. तिथे वर सांगितलेलं गवत कामाला येतं. पेरलेलं गवत मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पायथ्याला अळीव पेरावा, आणि मावळ्यांच्या पायाखाली कडेकपारीत स्टॅटिक ग्रास लावावं.

आपल्या लढायांच्या तारखा तर गवत ठरवायला फारच सोयीच्या आहेत. पावनखिंड १३ जुलै १६६० ची: भर पावसाळा, चिखल, ओला काळा दगड, पोपटी गवत. ओला दगड दाखवायला गडद करड्या रंगावर चमकदार वॉर्निशचा एक हात पुरतो. प्रतापगड १० नोव्हेंबर १६५९ चा: पाऊस संपून महिना उलटलेला, गवत पिवळं पडू लागलेलं, आणि जावळीचं दाट रान म्हणून वर पाचोळा. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० चा: गवत पार वाळलेलं, खडक उघडा. आणि २३ सप्टेंबर १८०३ ची, मराठे आणि इंग्रज यांच्यातली असईची लढाई, जी परदेशातले खेळणारे आवडीनं मांडतात. पुष्कळदा ते मराठा सैनिकांच्या पायाखाली पिवळी वाळू घालतात, हिंदुस्थान म्हणजे वाळवंट अशी समजूत असल्यासारखं. असई जालना जिल्ह्यात आहे, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. पावसाळ्याची अखेर, काळी चिकट जमीन आणि नदीकाठचं हिरवं गवत. वाळवंटाचा तिथे काहीही संबंध नाही.

करून बघायचं असेल तर एकदम सैन्य घेऊन बसू नका. पाच चकत्या, मूठभर वाळू, गोंद, तपकिरी आणि मातकट रंग, २ आणि ४ मिलिमीटरच्या गवताच्या दोन पुड्या एवढ्यावर सुरुवात होते. शेवटी चकतीची कड काळ्या किंवा गडद तपकिरी रंगानं नीट रंगवून घ्या. कडेवर गोंदाचे ओघळ राहिले तर वरचं सगळं काम वाया जातं. गवताची पुडी घ्यायच्या आधी लढाईची तारीख बघा. हिरवी आणि वाळकी, दोन्ही एकाच फळीवर ठेवलेल्या असतात.